फळा पुसणाऱ्यानं विरोध करावा

गुइयांग, मंगळवार

ज्यांच्या भाषणाला टाळ्या भरपूर पडल्या आणि ज्यांना आयुष्यात एकही धड प्रश्न कुणी विचारला नाही, अशा तमाम वक्त्यांचे अध्वर्यू तीर्थरूप भार्गवमामा यांस, त्याच दुःखी जमातीतल्या शरयूचा साष्टांग नमस्कार. (बायकांनी साष्टांग घालू नये, असं आजी म्हणायची. पण मी सातवीत असताना तुम्ही मला पाठीला हात लावून व्यासपीठावर ढकललंत, त्या दिवसापासून बायकांनी काय करू नये याचा हिशेब आपल्या घरात कुणी ठेवलेला नाही.)

तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा मधुमेह काबूत आहे ना? आणि आपल्या वाचनालयाची व्याख्यानमाला यंदा कशी झाली? नका सांगू, मला माहीत आहे. तुम्ही घसा कोरडा होईपर्यंत बोलला असाल, शेवटी छाती काढून 'कुणाला काही शंका?' असं विचारलं असेल, आणि शेवटच्या रांगेतून एकानं उठून 'तो पंखा जरा कमी करता का' असं म्हटलं असेल. मग आभार मानणाऱ्यानं तुमचं आडनाव चुकवलं असेल. मामा, हे आपल्या दोघांचं जन्माचं दुखणं आहे. लोक आपल्याला ऐकतात, मान डोलावतात, टाळ्या पिटतात आणि चपला शोधायला लागतात. श्रोता आपल्याशी भांडत नाही. ज्याच्याशी कुणी भांडत नाही तो वक्ता, आणि ज्या देवाला कुणी नवस बोलत नाही तो देव, दोघांची सारखीच गत. पण या सत्रात इथं चीनमध्ये जे घडलं ते तुम्हाला सविस्तर कळवलंच पाहिजे, कारण अखेर माझ्याशी कुणीतरी भांडलं. म्हणून हे पत्र. (फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तुम्ही मधे बोलता.)

माझा तिसऱ्या वर्षाचा इंग्रजी संभाषणाचा वर्ग तुम्हाला फोटोतून ठाऊक आहे. मुलं वाईट असती तर सोपं होतं. ती चांगली आहेत, तोच तर त्रास आहे! मी एकदा खोकले की तास संपायच्या आत टेबलावर नासपतीचा काढा, गळ्याच्या गोळ्या आणि गरम पाण्याचे तीन थर्मास येऊन उभे राहतात. (इथं ताप, प्रेमभंग आणि नापास होणं या तिन्हींवर गरम पाणीच देतात.) पपनसाची साल आणि पांढरा पापुद्रा काढून नुसत्या फोडी डब्यात भरून आणतात, बाईंची नखं खराब होऊ नयेत म्हणून. रविवारी निम्मा वर्ग माझ्या स्वयंपाकघरात असतो. मी पोळ्या लाटते, ते त्यांवर लाल तिखट चोपडतात, आणि एकदा तर पुरणपोळीत मासळीच्या वासाची मुळं भरून खाल्ली आणि वर मला म्हणाले, 'बाई, आता कुठं हिला चव आली.' अशी गोड लेकरं. पण वर्गात बसली की ओठ शिवलेले. मी म्हणेन ते खरं. एकदा मी मुद्दाम, ठासून सांगितलं की सूर्य पश्चिमेला उगवतो. सगळ्यांनी लिहून घेतलं. तास संपल्यावर एक मुलगी हळूच जवळ आली. मला वाटलं, आली, अखेर आली शंका! ती म्हणाली, 'बाई, हे परीक्षेला आहे का?'

सत्राच्या पहिल्याच आठवड्यात माझा संयम सुटला. मामा, ते भाषण तुम्ही ऐकायला हवं होतं. आपल्याकडची सगळी प्रश्न विचारणारी मंडळी मी एकेक करून त्या वर्गात उभी केली, त्यांच्याकडची अडीच हजार वर्षांपूर्वीची भांडखोर मंडळीही शोधून आणली, आणि टेबलावर मूठ आपटून सांगितलं की ज्या वर्गात शिष्य गुरूला अडवत नाही तो वर्ग नसून गोदाम आहे! यापुढे रोज कुणीतरी उठून मला विरोध केला नाही तर मी शिकवणार नाही! वर्ग भारावून गेला. टाळ्या थांबेनात. (इथंच मला समजायला हवं होतं.)

आता तुम्हाला थान पिंगची ओळख करून देते. हा आमचा वर्गप्रमुख. आपल्याकडचा मॉनिटर गोंगाट करणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहितो आणि मधल्या सुट्टीत मार खातो. इथला वर्गप्रमुख म्हणजे तहसीलदार, सासू आणि लग्नातला आचारी एकाच चष्म्यामागे. कोण आजारी, कोण रुसलं, कुणाचं कुणाशी जुळलं, सहलीला किती उकडलेली अंडी लागतील, सगळं त्याला ठाऊक. माझ्या भाषणानंतर त्यानं वर्गाची सभा घेतली आणि दुसऱ्या दिवशी निर्णय घेऊन माझ्यापुढे उभा राहिला.

'बाई, विरोध करायचं आम्ही एकमतानं ठरवलं आहे.'

'एकमतानं?'

'हो. ज्या दिवशी ज्याचा फळा पुसायचा नंबर, त्यानंच त्या दिवशी विरोध करावा. दोन्ही कामं उभ्यानंच करायची असतात. किती वेळ करायचा?'

'अरे, मनातून येईल तेवढा वेळ!'

'म्हणजे तीन मिनिटं?'

'थान पिंग, विरोध आतून यायला हवा. पेटून!'

'हो बाई. आतून, पेटून, तीन मिनिटं.'

आणि विरोध सुरूही झाला. पहिल्या दिवशी एक उंच मुलगा डस्टर हातात धरून उठला आणि म्हणाला, 'बाई म्हणाल्या, आज थंडी आहे. मी याला आदरपूर्वक विरोध करतो. आज फार थंडी आहे.' टाळ्या. दुसऱ्या दिवशी एक मुलगी म्हणाली, 'बाईंनी काल स्वतःला साधी शिक्षिका म्हटलं. मी याला तीव्र विरोध करते.' कडकडून टाळ्या. तिसऱ्यानं माझ्या जेवणाच्या वेळांना विरोध केला, मी उशिरा जेवते म्हणून. मी रागावले की थान पिंग शांतपणे वहीत नोंद करी आणि पुढचा माणूस अधिक नम्रपणे विरोध करी. माझ्या क्रांतीला या पोरांनी झाडलोटीच्या कामात बसवून टाकलं होतं. विभागप्रमुख श्याओ साहेब दारावरून जाताना थांबले, म्हणाले, 'तुमच्या वर्गात शिस्त फार छान आहे हो.' मी कुठं तोंड लपवू!

त्या सगळ्यांत एक मुलगी मात्र वेगळी होती. लोंग यान. काइली शहरापलीकडच्या डोंगरातली, म्याओ जमातीच्या घरातली, बुटकी, जाड भिंगांची. वर्गात तिचं बोलणं पहिल्या रांगेलासुद्धा ऐकू येत नसे. पण गेल्या वर्षी एका दुपारी, सगळं कॉलेज बाकांवर डोकी टेकून झोपलेलं असताना, मी मैदानापलीकडून एक हाक ऐकली. लोंग यान आपल्या मैत्रिणीला छत्री विसरल्याबद्दल हाक मारत होती. मामा, तो आवाज! एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगरावर सहज पोचेल, मधल्या दरीत न पडता पोचेल, असा. मी खिडकीत उभी होते ती तिथंच खिळले. तुम्हाला आठवतं का, ध्वनिक्षेपक बंद पडला होता तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, की खरा वक्ता विजेवर चालत नसतो? तो वक्ता मला सापडला होता.

पुढं ती दर रविवारी यायची. आंबट रश्शाची मासळी तिनं मला शिकवली (मी मासळी वगळून करते, त्यावर ती म्हणते की हे म्हणजे लग्नातून नवरा वगळण्यासारखं झालं). गेल्या हिवाळ्यात मी तापानं पडले तेव्हा माझ्या पलंगाशेजारची खुर्ची तिनं सोडली नाही. मला मुलंबाळं नाहीत हे तुम्ही जाणता आणि त्याबद्दल मला व्याख्यान द्यायचं नाही. एवढंच सांगते की रविवारी त्या खुर्चीवर ती बसलेली नसली की घर मोठं वाटतं.

तर, राष्ट्रीय इंग्रजी वक्तृत्व स्पर्धा. नानचिंगला. एका कॉलेजातून एकच स्पर्धक. मी लोंग यानचं नाव दिलं, तिला न विचारता, कारण गरुडाला कुणी 'उडतोस का' असं विचारतं का? भाषण मीच लिहिलं. विषय: विरोधाचं महत्त्व. मी तिला जिन्यात गाठून बातमी दिली. ती म्हणाली, 'हो बाई.' मी श्याओ साहेबांच्या बैठकीत जाहीर केलं की पहिलं बक्षीस आलंच म्हणून समजा. साहेबांनी इमारतीवर लाल कापडी फलक लावला, त्यावर कॉलेजचं नाव आणि लोंग यानचं नाव, दोन्ही पिवळ्या अक्षरांत, बसथांब्यावरून वाचता येईल एवढ्या आकारात.

यानंतर जे झालं ते मी तुम्हाला घडलं तसं सांगते. तुम्ही माझ्याइतकेच बहिरे आहात का ते तपासा. दुसऱ्या दिवशी लोंग यान पिशवीभर संत्री घेऊन आली. म्हणाली, नानचिंग लांब आहे. मी म्हटलं, गाडी वेगानं जाते! आणखी संत्री आली. म्हणाली, थान पिंगचा आवाजही चांगला आहे. मी म्हटलं, तुझा विनय मला आवडतो! मग म्हणाली, घरी विचारते. मग म्हणाली, घरी जरा अवघड आहे. मी म्हटलं, मी स्वतः तुझ्या वडिलांना फोन करून असं काही बोलेन की ते तुला खांद्यावर बसवून नानचिंगला नेतील! पुढच्या रविवारी संत्र्यांची पेटीच आली, आणि ती लवकर निघून गेली.

मग थान पिंग आला. एकटा. मी चहा ओतत राहिले, तो बोटांनी टेबलावर टकटक करून आभार मानत राहिला, आणि बऱ्याच वेळानं म्हणाला, 'बाई, माझ्या मैत्रिणीच्या एका मैत्रिणीची गोष्ट आहे. तिला एका थोर माणसानं फार मोठी भेट दिली. पण ती भेट तिच्या घराच्या दारातून आत जात नव्हती. काय करावं तिनं?'

'दार मोठं करावं!' मी म्हटलं.

त्यानं उरलेला चहा संपवला. 'हो बाई,' म्हणाला आणि गेला.

मी इथं इतकी वर्षं आहे. भाजीवाली नुसतं 'बघू' म्हणाली की पालक संपला हे मला समजतं. श्याओ साहेब 'विचार करू' म्हणाले की कागद कपाटात गेला हे मला समजतं. इथं कुणी कुणाच्या तोंडावर 'नाही' मारत नाही, ते आडून, पदराखालून हातात ठेवतात. हे मी नव्या परदेशी शिक्षकांना शिकवते. आणि तीच मी, माझ्याच मुलीच्या बाबतीत संत्री खात बसले. (गोड होती, हे कबूल केलं पाहिजे.)

स्पर्धेच्या आधीच्या गुरुवारी फळा पुसायचा नंबर लोंग यानचा होता. ती उठली. वर्ग निवांत होता. मी वेणी घातल्यामुळे सुंदर दिसते की फार सुंदर दिसते, एवढाच वाद अपेक्षित होता. तिनं डस्टर दोन्ही हातांत धरलं. आणि मग मैदानापलीकडून ऐकलेला तो आवाज त्या चार भिंतींत आला.

'बाई, आज फळा पुसायचा नंबर माझा आहे, म्हणून मी विरोध करते. मी नानचिंगला जाणार नाही.'

मी म्हटलं, 'पण तू तर हो म्हणालीस!'

'मी कितीदा तरी नाही म्हणाले, बाई. संत्री आणली तेव्हाही नाहीच म्हणाले.'

'संत्री म्हणजे नाही?' मी वर्गाकडे पाहिलं. सगळा वर्ग मान खाली घालून होकार देत होता.

थान पिंग अत्यंत खेदानं म्हणाला, 'एक पिशवी असती तर काही सांगता आलं नसतं, बाई. पण पेटी म्हणजे नाहीच.'

मग ती बोलली. स्पर्धेच्या दिवशीच तिच्या थोरल्या बहिणीचं लग्न होतं. तिच्या गावी नवऱ्याकडची मंडळी दारात येऊन गाण्यातून सवाल टाकतात आणि मुलीकडच्यांनी गाण्यातूनच जबाब द्यायचा असतो, तिथल्या तिथं रचून. जबाब थांबला की हसं होतं, आणि ते हसं मुलीच्या पाठोपाठ सासरी जातं, जन्मभर राहतं. इतकी वर्षं तिची आत्या जबाब देत आली. यंदा आत्याचा गळा गेला. आता घरात ते येणारी एकच होती. 'माझी बहीण मान खाली घालून जाईल, बाई, आणि मी नानचिंगला बक्षीस घेत असेन.' एवढं बोलून ती थांबली असती तरी मी खलास झाले होते. पण वक्ता खरा असला की तो अर्ध्यावर थांबत नाही. ती म्हणाली, 'आणि दुसरं. त्या भाषणातलं एक वाक्य माझं नाही. विरोध करा, हे मी लोकांना पाठ करून सांगू? आमच्याकडे दुसऱ्याचं गाणं आपलं म्हणून गाणाऱ्याला शेंबडी पोरंसुद्धा हसतात. आणि बाई, तुम्ही आम्हाला विरोध करा म्हणता, आणि मग घंटा होईपर्यंत तुम्हीच बोलता.'

तिनं डस्टर इतकं घट्ट आवळलं होतं की त्यातला खडू तिच्या बुटांवर पिठासारखा पडत होता. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. कुणी थर्मासचं झाकण उघडलं नाही. थान पिंग वहीत नोंद करायची विसरला होता. खाली इमारतीवर तिचं नाव पिवळ्या अक्षरांत फडकत होतं, आणि तिनं भर वर्गात आपल्या शिक्षिकेला खोटं पाडलं होतं. इथं असं केल्यावर माणसं पुन्हा एका टेबलाशी बसत नाहीत. तिला ते ठाऊक होतं. तिच्या डोळ्यांत सरळ दिसत होतं की ती माझ्याकडचा रविवार कायमचा गमावून बसली आहे, आणि तो गमावूनही ती बोलली होती.

मामा, माझ्याजवळ उत्तरं होती. तुमची शिष्या आहे मी! एकाहून एक सरस. कर्तव्य आणि कुटुंब यावर एक, कलेच्या वैश्विक व्यासपीठावर एक, आणि एक तर असं की ऐकून ती रडली असती आणि गाडीत बसली असती. तिन्ही जिभेच्या टोकावर होती. मी ती गिळली. (गिळायला किती जड असतात, हे आपल्यासारख्यांना मरेपर्यंत ठाऊक होत नाही.) मी म्हटलं, 'तुझं बरोबर आहे. माझं चुकलं. फलकाचं मी बघते. रविवारी येताना फळं आणलीस तर दारातूनच परत पाठवीन, हात हलवत ये.' मग ती रडली. फळा पुसायचा तसाच राहिला होता, म्हणून मी तिच्या हातातून डस्टर घेतलं, तेव्हा थान पिंग ताडकन उठला. 'बाई, नंबर तिचा आहे!' मी म्हटलं, 'मला याला विरोध आहे!' आणि पुसला.

श्याओ साहेबांपुढे मी सगळं स्वतःच्या अंगावर घेतलं. मुलीला न विचारता नाव दिलं, चूक माझी, मुलीला बोल लावू नका. साहेबांनी चहा ओतला, खिडकीतून फलकाकडे पाहिलं आणि म्हणाले, 'विचार करू.' म्हणजे नाही. मी ओरडायच्या बेतात होते, तेवढ्यात मागं उभा असलेला थान पिंग पुढं झाला. म्हणाला, साहेबांनी मागेच सुचवलं होतं की या वर्षी मुलाला पाठवावं, ते आम्ही विसरलो, आमचीच चूक. साहेबांनी असं काही सुचवलं नव्हतं. साहेबांनी थोडा वेळ डोळे मिटले आणि म्हणाले, 'हो, मी म्हणालो होतो खरा.' संध्याकाळपर्यंत फलकावर लोंग यानच्या नावाच्या जागी कापडाची पट्टी शिवून थान पिंगचं नाव आलं. सरळ मार्गानं मी जे भिंतीवर डोकं आपटून मिळवलं नसतं ते या पोरानं वळणावरून, चप्पल न वाजवता आणलं. मी त्याला हे बोलून दाखवलं. तो म्हणाला, 'बाई, तुमचं भाषण फार प्रेरणादायी होतं.' कोणतं, ते त्यानं सांगितलं नाही.

थान पिंगनं माझं भाषण पाठ केलं आणि नानचिंगला एका सहकारी शिक्षकाबरोबर जाऊन स्वल्पविरामासकट म्हणून दाखवलं. परीक्षकांनी शेवटी प्रश्न विचारला, की या विषयावर तुमच्या शिक्षिकेची जी मतं आहेत त्यांतली तुम्हाला कोणती पटत नाहीत? तो म्हणाला, 'सगळी पटतात.' त्याला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं, शिस्तबद्ध सादरीकरणासाठी.

मी त्या दिवशी लग्नाला गेले. अर्धा वर्ग बरोबर. गावाच्या वेशीवर चांदीचे मुकुट घातलेल्या बायका वाट अडवून उभ्या होत्या, हातांत म्हशीचं शिंग, त्यात तांदळाची दारू. त्यांनीच धरायचं, त्यांनीच पाजायचं, पाहुण्यानं एक घोट घेऊन पुढं सरकायचं, पण शिंगाला हात लावायचा नाही. हात लागला की अख्खं शिंग संपवायचं. हे मला ठाऊक होतं. मी ठरवून हात पाठीमागे बांधले होते. पण त्यातल्या एका म्हातारीनं विचारलं, 'तुमच्या देशात लग्न कसं लावतात?' आणि मामा, तुम्ही मला हातवाऱ्यांशिवाय बोलायला शिकवलंच नाहीत! अंतरपाट दाखवायला दोन्ही हात पुढं आले आणि नेमके शिंगावर. बायकांचा जो जल्लोष झाला! मी शिंग संपवलं. नंतरचा थोडा वेळ मला फारसा आठवत नाही, पण मुलांचं म्हणणं असं की मी मंगलाष्टकं म्हटली आणि ती तिथल्या लोकांना बरीच पसंत पडली.

शुद्धीवर आले तेव्हा सवाल-जबाब सुरू झाले होते. नवऱ्याकडचे गडी उंबऱ्याबाहेर, खांद्याला खांदा लावून, आणि आत लोंग यान, चष्मा काढलेला, अंगावर आत्याची चांदी. गडी गायले की ती क्षणभर जमिनीकडे पाही, मग मान वर करी आणि तो आवाज उचली. मला त्यातला एक शब्द कळत नव्हता. पण बाहेरच्या गड्यांची तोंडं मला दिसत होती. जबाब पडला की ते एकमेकांना कोपरानं ढोसत, कुणीतरी नवा सवाल शोधी, ती त्याचाही फडशा पाडी आणि मागच्या बायका हसून हसून वाकत. नवरी कोपऱ्यात बसली होती, आणि दर जबाबाला तिची मान बोटभर वर येत होती. आत्या माझ्या शेजारी होती. तिच्या फाटक्या आवाजात, मला समजेल अशा चिनीत, ती थोरल्या जावेला विचारत होती:

'हीच का ती मास्तरीण?'

'हीच.'

'हिला गाता येतं?'

'गाता नाही, पण बोलता फार येतं म्हणे.'

'मग बोलू दे की थोडं, एवढ्या लांबून आलीय.'

'नको गं बाई. वरात खोळंबेल.'

मी ऐकलं आणि हात पुन्हा पाठीमागे बांधले. शेवटी नवऱ्याकडचे हरले, हसत हसत आत आले, आणि लोंग यान घामानं निथळत माझ्याजवळ येऊन बसली. माझ्या वाडग्यात तिनं आंबट रश्शातल्या भाज्या वाढल्या, मासळी बाजूला काढून. म्हणाली, 'बाई, माझं काय चुकलं ते सांगा.' मी म्हटलं, 'मला काही समजलं नाही.' ती म्हणाली, 'मग अर्थ सांगते, आणि मग सांगा.' आणि तिनं एकेक सवाल, एकेक जबाब मला उलगडून सांगितला, आणि तिसऱ्या जबाबावर मी म्हटलं, हा मला पटला नाही, आणि ती म्हणाली, तुम्हाला न पटायला काय झालं, तुम्हाला डोंगर कुठं ठाऊक आहेत, आणि आम्ही वाजंत्री संपेपर्यंत भांडलो.

तेव्हा मामा, मी तुम्हाला ठामपणे कळवते की माझा सिद्धान्त शंभर टक्के खरा ठरला. मुलांनी विरोध केलाच पाहिजे! फक्त एवढंच, की त्यांना उभं राहायला जागा लागते, आणि ती आपण भाषण ठोकून करून देऊ शकत नाही, आपल्याला तिथून जरा सरकावं लागतं. मला भांडखोर श्रोता हवा होता, तो मिळाला, आणि मी हरले, आणि हरल्याचा मला एवढा अभिमान याआधी कधी वाटला नव्हता. माणसानं मनातलं तोंडावर, सरळ, स्वच्छ शब्दांत सांगावं. आडपडदा हा भित्र्यांचा धर्म आहे! हे मी इथल्या प्रत्येक वर्गाला सांगत राहणार.

मामींना नमस्कार, धाकट्यांना टपल्या. गुडघ्याला शेक द्या आणि मधूनमधून तरी बसून बोला.

तुमची,
शरयू

ता. क. शिंगाचा परिच्छेद आईला वाचून दाखवू नये. मंगलाष्टकांचा चालेल.

ता. क. मामींसाठी सुक्या मिरच्या पाठवते आहे. एकच टाकावी. अर्धी टाकली तरी चालेल.

ता. क. मामा, हे वरचं सगळं लिहून झालं, आता ज्यासाठी पत्र लिहायला बसले ते. लग्नाहून परतल्यावर मी कॉलेजच्या नव्या करारावर सही केली. मी कराडला परत येत नाही. दिवाळीत येईन ते राहायला नव्हे, भेटायला. आईला वाटतं मी कायमची येते आहे. तिनं मागची खोली रंगवून घेतली आहे आणि शाळेच्या विश्वस्तांकडे माझ्या नोकरीसाठी शब्दही टाकला आहे. ती दर रविवारी फोनवर विचारते आणि मी दर रविवारी 'बघू' म्हणते. गेल्या महिन्यात तिला रेशमी रजई पाठवली, तर म्हणाली, 'एवढं कशाला गं, तू येतेसच की.' मला तिला सांगता येत नाही. सभेला सांगता येतं, श्याओ साहेबांना सांगता येतं, तिला येत नाही. तुम्ही तिचे थोरले भाऊ आहात, तुमचं ती ऐकून घेते. तेव्हा पत्र पोचल्यावरच्या पहिल्या शनिवारी दुपारी तिच्याकडे जा, भाषण करू नका, शेजारी बसा आणि सांगा, शरयू येत नाही. चहा पिऊन होऊ द्या, मगच सांगा. आधी सांगितलंत तर ती कप तसाच ठेवील.